बिनकुंपणाची रात्र

मावशी निवृत्त भूगोलशिक्षिका. सांगलीच्या शाळेत पोरांकडून नकाशे भरून घेण्यात हयात गेली. यंदाच्या जूनमध्ये ती उत्तर बोत्स्वानात मोरेमी, ख्वाई, सावुटी आणि चोबे अशी तंबूतली सफारी करून आली. भाचा चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर-सिंदेवाहीकडच्या गावांत वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करतो. जंगल दोघांचंही आवडीचं, पण एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. दिवाळीत दोघं एका घरात आली आणि बोलणं या सफारीवर गेलं.

भाचा : हत्ती-सिंह बघायला एवढ्या लांब गेलीस, हे समजू शकतो. पण तंबू कशाला? तिकडं एकाहून एक लॉज आहेत म्हणे. साठी उलटल्यावर जमिनीवर झोपायची हौस कसली?

मावशी : जमिनीवर कुठं? चांगली घडीची खाट होती, गादी होती. थंडी मात्र कडाक्याची. तिकडं जून म्हणजे ऐन हिवाळा. सकाळी आम्ही गाडीतून जनावरं बघायला निघालो की मागं राहिलेली माणसं अख्खा मुक्काम मोडायची, ट्रकवर चढवायची आणि आम्ही पोचायच्या आत पुढच्या जागेवर पुन्हा उभा करायची. आंघोळीला झाडाच्या फांदीवर टांगलेली कॅनव्हासची बादली, पाणी शेकोटीवर तापवलेलं. संडास म्हणजे खणलेला खड्डा, वर बैठक आणि भोवती कापडी आडोसा. निघताना खड्डा बुजवायचा, राख पुरायची. आणि कुंपण नाही. तारेचं नाही, काट्यांचं नाही, साधा चरही नाही.

भाचा : मग रात्री?

मावशी : रात्री ज्यांचं ते होतं, त्यांचं होतं. पाणघोडा अंधार पडला की पाण्यातून निघून चरायला येतो. तंबूच्या कापडापलीकडं, हातभर अंतरावर तो गवत उपटत होता. ओठांनी उपटतो, त्याचा एक फाडल्यासारखा आवाज येतो. मग नुसता श्वास, मग परत गवत. लांबून तरसाची हाक यायची, खालून वर चढत जाणारी. सिंहाची गर्जना शांत रात्री आठ किलोमीटरवरून ऐकू येते असं पुस्तकात वाचलेलं असतं. पण ती ऐकताना तो आठ किलोमीटरवर आहे की आठशे मीटरवर, हे कळायला मार्ग नसतो. आमचा वाटाड्या तिथलाच. पहिल्याच संध्याकाळी त्यानं नियम सांगितले : तंबूची चेन तळापर्यंत बंद, आत खायची वस्तू नाही, संत्रं-मोसंबं तर मुक्कामातच आणायचं नाही कारण हत्तीला त्याचा वास लागतो, बूट बाहेर काढून ठेवायचे नाहीत कारण तरस चामडं चावतं. रात्री बाहेर पडायचंच असेल, तर आधी चेन थोडी उघडून विजेरीचा झोत सगळीकडं फिरवायचा आणि चमकणारे डोळे दिसले, तर निमूट परत झोपायचं. जनावराला तंबू म्हणजे एक भरीव वस्तू वाटते, म्हणून ते बाजूनं निघून जातं. दार उघडं ठेवून झोपलेल्यांना तरसांनी ओढून नेल्याच्या घटना आफ्रिकेत घडलेल्या आहेत. म्हणजे दोन माणसांमधला फरक एका चेनचा.

भाचा : भीती विकत घेऊन आलीस म्हणायची.

मावशी : घेतली, पैसे मोजून घेतली. त्यात लपवायचं काय?

भाचा : लपवू नकोस, पण एक बघ. माझ्याकडच्या गावांत धान लोंबीवर आलं की माणूस जागलीला जातो. बांधावर चार बल्ल्यांचा माळा, हातात टीनाचा डबा, शेजारी कुत्रं. रानडुक्कर नाहीतर रोही शिरला, तर डबा बडवायचा, ओरडायचं. आणि त्याच वावरातून वाघ जातो, हे त्याला ठाऊक असतं. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. बरीचशी मोहफुलं वेचायला, सरपण आणायला, गुरं चारायला गेलेली. त्यांच्या रात्रीलाही कुंपण नसतं. फरक एवढाच की त्यांना परतीचं तिकीट नाही. तुझी भीती ही सहल आहे, त्यांची भीती हे काम आहे.

मावशी : हे मान्य. पण मग मी कुठं जावं, असं तुझं म्हणणं? लॉजवर? की ताडोब्यात जिप्सीत बसून? आपल्याकडच्या सफारीत मी काय बघितलंय ते सांगते. वाघ दिसला की दहा गाड्या एकमेकींना रेटतात. गाइडला आधीपासून तंबी असते, ‘साहेबांना साइटिंग झालंच पाहिजे’. तिथं मी गिऱ्हाईक असते आणि वाघ हा माल. ख्वाईतल्या तंबूत मात्र जनावर बघायला मिळालंच पाहिजे, असं रात्रभर मनातही आलं नाही. उलट त्यानं मला बघू नये, एवढंच वाटत होतं. बघणारी आणि बघितला जाणारा ही वाटणीच मोडली. माणसाला एकदा तरी हे कळायला हवं की आपण मांससुद्धा आहोत.

भाचा : कळून काय होतं?

मावशी : वागणं बदलतं. आवाज खाली येतो. संडासला जाताना वाटेवरचे ठसे बघायची सवय लागते. आपण इथले मालक नाही हे पुस्तकातून पटत नाही, अंधारात पटतं.

भाचा : बरं, मालक नाही म्हणालीस, तर मालक कोण? तंबूतल्या सफारीची ही कल्पना आली कुठून? शिकाऱ्यांकडून. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा शेकडो हमाल त्यांचे तंबू, खुर्च्या, पुस्तकं डोक्यावरून वाहत होते. बाप-लेकांनी मिळून पाचशेवर मोठी जनावरं मारली. बंदूक गेली, कॅमेरा आला. पण ‘हा मुलूख रिकामा आहे, इथं फक्त मी आणि जनावर’ हे सोंग तेच राहिलं. सांग, तुझ्या तंबूच्या जागेवर आधी कोण राहत होतं?

मावशी : विचारलंस ते बरं केलंस. मोरेमीची गोष्ट तुझ्या साच्यात बसत नाही. ते अभयारण्य 1963 चं, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधीचं, आणि ते गोऱ्या सरकारनं लादलेलं नाही. ते केलं तिथल्या बाटावाना लोकांनी. बेसुमार शिकारीनं जनावरं संपत चालली होती. वारस अजून गादीवर बसलेला नव्हता. दिवंगत राजा तिसरा मोरेमी याची विधवा राज्य सांभाळत होती. तिच्या पुढाकारानं खोत्ल्यात, म्हणजे झाडाखाली भरणाऱ्या त्यांच्या लोकसभेत, चर्चा झाली आणि लोकांनी आपल्याच जमिनीतला एक तुकडा जनावरांसाठी राखला. पुढं 1970 च्या दशकात राजाचं खासगी शिकारीचं बेटही त्यात घातलं. तुला हवा तो स्थानिकांचा निर्णय, तो हा बघ.

भाचा : बाटावानांनी कुणाच्या जमिनीतला तुकडा राखला?

मावशी : हं. आता तूच सांग, तुला ठाऊक दिसतंय.

भाचा : ख्वाई नदीकाठी बुगाख्वे राहत होते. सान लोक, शिकार करून, कंदमुळं-फळं गोळा करून जगणारे. बाटावाना गुरांवाले, सत्तेवाले, आणि सान त्यांचे अंकित. अभयारण्य झालं आणि बुगाख्वेंना नदीच्या उत्तरेला हलवलं. त्यांच्या पिढीजात शिकारीला गुन्हा ठरवलं. आजचं ख्वाई गाव अभयारण्याच्या दाराबाहेर आहे ते म्हणून.

मावशी : हे मला आमच्या वाटाड्यानंच सांगितलं. आणि म्हणूनच मी तुला विचारते, ‘स्थानिक’ म्हणजे नेमकं कोण? तू सारखा म्हणतोस, गावाला ठरवू द्या. मोरेमीत गावानंच ठरवलं. फक्त ज्यांची घरं उठणार होती, त्यांना त्या झाडाखाली आवाज नव्हता. तुझ्या ग्रामसभेत सगळे सारखे असतात का रे?

भाचा : नसतात. ट्रॅक्टरवाला पुढं बसतो, माना-गोंड मागं, बाया दाराशी. हा मुद्दा तुझा, आणि तो मी खिशात टाकून घेतो. पण त्यातून निघतं काय? ग्रामसभा नको हे नाही निघत. ग्रामसभेत मागं बसलेल्यांनाही विचारा, एवढंच निघतं. आणि बोत्स्वानात ते पुढंही झालं नाही. मध्य कालाहारीतून सरकारनं 1997 आणि 2002 मध्ये सानांना उठवलं. त्यांना 2006 साली उच्च न्यायालयातून परत जायचा हक्क मिळवावा लागला, आणि पाण्याच्या विहिरीसाठी पुन्हा 2011 पर्यंत भांडावं लागलं. ज्या अभयारण्यातून त्यांना उठवलं, ते 1961 मध्ये जनावरांबरोबर त्यांच्यासाठीही राखलेलं होतं.

मावशी : नाकारत नाही. पण तुझ्या गोष्टीत एक पात्र राहिलं. त्या मुलखात जनावरं टिकली, त्याचं श्रेय राजाच्या विधवेइतकंच एका माशीला आहे. त्सेत्से माशी. ती चावली की गुरांना जीवघेणा रोग होतो, माणसालाही निद्रारोग. त्यामुळं मोरेमी ज्या ओकावांगोच्या पाणथळीत आहे, तिच्यात गुरं शिरूच शकली नाहीत. माशी मारायला सरकारनं जनावरं मारून पाहिली, झाडं तोडून पाहिली, शेवटी 2001 आणि 2002 मध्ये विमानातून औषध फवारलं, तेव्हा ती गेली. आता गुरांना आत यायला निसर्गाची आडकाठी उरलेली नाही. मग आडकाठी कशाची आहे, माहीत आहे?

भाचा : कायद्याची?

मावशी : तारेची. तुझ्या कामाचं आहे, नीट ऐक. माऊन गाव सोडून मोरेमीकडं निघालो, की वाटेत एक फाटक लागतं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर तारेचं कुंपण, मध्ये चौकी. परतताना तिथं गाडीतून उतरून औषधाच्या ओल्या चटईवर बूट बुडवावे लागतात, गाडीची चाकं फवारतात, थंड पेटीत कच्चं मांस असेल, तर काढून घेतात. कारण लाळ्या-खुरकूत. रानम्हशीत हा रोग दडून असतो. तो गुरांत आला, तर युरोपला जाणारं गोमांस बंद, आणि गोमांसाची निर्यात हा त्या देशाचा जुना धंदा. म्हणून 1982 मध्ये पाणथळीच्या दक्षिणेला हे म्हशींचं कुंपण घातलं. आत रानम्हशी, बाहेर गाई. माझ्या तंबूला कुंपण नव्हतं हे खरं. पण तंबूसकट अख्खा प्रदेश एका कुंपणाच्या आत होता.

भाचा : म्हणजे बिनकुंपणाची रात्र ही थापच की.

मावशी : थाप नाही. कुंपण नजरेआड ठेवलेलं असतं, एवढंच. आणि ही कुंपणं साधी नव्हेत. मध्य कालाहारीच्या उत्तर सीमेवर 1958 मध्ये कुके कुंपण घातलं. पुढच्या दुष्काळांत पाण्याकडं निघालेली विल्डबीस्ट त्या तारांपाशी हजारोंनी मेली. उलटी गोष्टही आहे. ओकावांगो आणि मकगडिकगडीच्या खारट मैदानांमध्ये 1968 ते 2004 एक कुंपण होतं. ते काढलं. काही वर्षांत झेब्रे त्या वाटेनं पुन्हा जायला लागले, येऊन-जाऊन पाचशे किलोमीटरहून जास्त. झेब्र्याचं आयुष्य बघता, त्या वाटेनं पूर्वी गेलेला एकही झेब्रा त्यांच्यात नसणार. तरी वाट सापडली. आता मला सांग, या तारा न बघता मी लॉजच्या छोट्या विमानातून थेट पाणथळीत उतरले असते, तर मला हे कळलं असतं का? जमिनीवरून, धूळ खात, फाटकं ओलांडत गेले म्हणून कळलं.

भाचा : इथं तू मला पहिल्यांदा पटवलंस. पण तुला अजून एक कुंपण दिसलेलं नाही, पैशाचं. बोत्स्वानाचं धोरणच आहे, पर्यटक थोडे आणि दर चढे. गोड वाटतं. पण त्याचा अर्थ, त्या देशातल्या बाईला तिच्याच मोरेमीत तुझ्यासारखी सफारी परवडणार नाही.

मावशी : प्रवेशशुल्क नागरिकांना परदेशी माणसापेक्षा पुष्कळ कमी आहे. पण सगळा खर्च धरला, तर तू म्हणतोस ते बरोबर. मात्र सगळ्यांना खुलं केलं की काय होतं, तेही बघ ना. केनियात मारा नदी ओलांडणारी विल्डबीस्ट बघायला गाड्यांची एवढी गर्दी होते, की जनावरांना उतरायला काठ सापडत नाही. बोत्स्वानानं ते टाळलं. आणि तंबू का निवडला, त्याचं खरं कारण आता सांगते. ओकावांगोतल्या मोठ्या लॉजमागं बहुतेक बाहेरचा पैसा आहे. फिरत्या तंबूंची सफारी, मोकोरो होड्या चालवण्याचा धंदा, तंबूतळ चालवणं, हे मात्र तिथल्या कायद्यानं देशाच्या नागरिकांसाठी राखून ठेवलंय. ख्वाईचं बघ. ज्या बुगाख्वेंना उठवलं, त्यांच्या गावाचा स्वतःचा ट्रस्ट आहे, आणि अभयारण्याला लागून असलेल्या रानात तो स्वतःचा तंबूतळ चालवतो. आम्ही तिथं राहिलो. तो पैसा गावात गेला.

भाचा : गावात कुणाकडं, हा पुढचा प्रश्न. पण चल, दिशा बरी आहे. आता मी एक विचारतो, रागावू नकोस. त्या ट्रस्टला तुझ्या तंबूच्या आधी पैसा कुठून मिळायचा?

मावशी : शिकारीतून. माहीत आहे मला. बाहेरून आलेला एक श्रीमंत, हत्तीला गोळी घालतो, शेजारी उभा राहून फोटो काढतो. शिसारी येते.

भाचा : मलाही येते. पण हिशेब ऐक. 2014 मध्ये अध्यक्ष इयन खामा यांनी शिकारबंदी आणली. जगभर टाळ्या पडल्या. ख्वाई, सांकुयो यांसारख्या गावांचं उत्पन्न मात्र बुडालं. नोकऱ्या गेल्या आणि शिकारीतून गावाला वाटलं जाणारं मांसही गेलं. हत्ती वाढलेले, शेतात शिरणारे. पुढच्या सरकारनं 2019 मध्ये बंदी उठवली. एकट्या बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. 2024 मध्ये जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींची आयात रोखायची भाषा सुरू झाली, तेव्हा अध्यक्ष मसिसी म्हणाले, तुम्हाला 20,000 हत्ती पाठवतो, त्यांच्याबरोबर राहून दाखवा.

मावशी : म्हणजे वनहक्कवाला माझा भाचा आता बंदुकीची वकिली करणार?

भाचा : बंदुकीची नाही. शिकार चालू ठेवायची की बंद करायची, हे कुणी ठरवायचं, तेवढ्याचीच. ज्याची ज्वारी हत्ती खातो त्यानं, की ज्याला हत्ती फक्त पडद्यावर दिसतो त्यानं? तुझा कॅमेरा आणि त्याची बंदूक दोन्ही बाहेरून येतात, दोन्ही मोबदला देतात. मला दोघांनाही एकच विचारायचंय, हा सौदा विकणाऱ्यानं स्वतः ठरवला का?

मावशी : इथं मी तुझ्याबरोबर येत नाही. हत्ती ही फक्त गावाची मालमत्ता आहे असं धरलं, तरच तुझा हिशेब जुळतो. सावुटीत मी जे बघितलं त्यानं मला ते धरता येत नाही. तिथला सावुटी कालवा, म्हणजे नैसर्गिक प्रवाह, माणसाला उमगत नाही असा वागतो. 1982 च्या सुमारास आटला, तो जवळजवळ तीन दशकं कोरडा होता. 2010 च्या आसपास पुन्हा वाहून परत आटला. कोरड्या वर्षांत तहानलेले हत्ती तंबूतळावरचे नळ उपटायचे, न्हाणीघरं फोडायचे. म्हणून आज तिथल्या न्हाणीघराभोवती गढीच्या तोडीची जाड भिंत आहे. त्या भिंतीआड दात घासताना मला हसू आलं. सगळ्या मुक्कामांत एकच कुंपण घातलेलं आणि त्याच्या आत कोण, तर माणूस. तिकडं एक म्हातारी हत्तीण कळपाला जुन्या पाणवठ्यावर घेऊन जाते. तो पाणवठा तिला तिच्या आजीनं दाखवलेला असतो. अशा प्राण्याला गोळीचा दर लावायचा, हे मला गावानं म्हटलं तरी पटणार नाही. आणि शिकारी मोठे सुळेवाले वयस्क नरच मागतात. माजातल्या तरुण नरांना तेच आवरून धरत असतात.

भाचा : नर मारल्यानं कळप बिघडतो, हा विज्ञानाचा मुद्दा झाला. तो गावापुढं मांडता येतो आणि गाव तो ऐकतंही. तिथल्या माणसांनाही कळप बिघडलेला नको असतो. बिघडलेला हत्ती पहिला त्यांच्याच वावरात येतो. पण ‘मला शिसारी येते’ हा मुद्दा घेऊन जाता येत नाही. शिसारी तुझी, वावर त्यांचं.

मावशी : तुझ्या वाघांना हे लावतोस का? चिमूरच्या शेतकऱ्यानं उद्या म्हटलं, वाघ मारायचा परवाना विका.

भाचा : म्हणतील तर मी घाबरीन. आणि म्हणून मी कुणालाही बोत्स्वाना उचलून चंद्रपुरात आणा म्हणत नाही. ते गणितच वेगळं. बोत्स्वानाचं क्षेत्रफळ पावणेसहा लाख चौरस किलोमीटरच्या वर आणि माणसं जेमतेम पंचवीस लाख. आपला महाराष्ट्र तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी. त्यांच्याकडं हिरे निघाले. 1967 मध्ये ओरापाची खाण सापडली आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अतिगरीब असलेला देश सावरला. म्हणून जनावरांसाठी एवढी जमीन बाजूला ठेवणं त्यांना परवडलं. आपल्याकडं वाघाचा मार्ग आणि माणसाची पायवाट एकच आहे. पण एक गोष्ट आणता येते. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं बांबू तोडायचा की ठेवायचा, हे गाव ठरवतं. ताडोब्याच्या बफरमधल्या गावाला कुणाला बोलवायचं, किती जणांना, कोणत्या नियमांवर आणि कधी ‘यंदा नको’ म्हणायचं, हे ठरवता येऊ दे.

मावशी : तेवढं झालं तर तू तंबू लावू देशील?

भाचा : गावानं दिला तर माझ्या परवानगीचा संबंधच नाही. मात्र पाहुण्यानं एक रात्र जागलीच्या माळ्यावर काढावी, एवढी अट त्यांना सुचवीन. तुमच्या त्या नियमांसारखीच.

मावशी : मी काढीन. मला ती रात्र आता कळेल, पूर्वी कळली नसती. हे तू माझ्या सफारीच्या खात्यात जमा करायला हवंस. शेकोटीपाशी आमचा वाटाड्या ज्वारीची आंबवलेली पेज खायचा. माझ्यासमोर वाटी ठेवली, तर चव थेट आपल्या आंबिलीची. खाता खाता त्यानं सांगितलं, लहानपणी तो रात्री आजोबांच्या शेतात डबा बडवत बसायचा, हत्तींसाठी. तू जागलीचं सांगायला लागलास, तेव्हा मला तोच दिसला. ज्या माणसाला हत्तीनं उपाशी ठेवलंय, तोच मला सांगत होता की हत्ती कान हलवायचा थांबला तर आपणही थांबायचं. त्याच्या मनात राग आणि ज्ञान दोन्ही होतं. लॉजच्या ओट्यावरून मला दोन्हीतलं काही दिसलं नसतं.

भाचा : जमा केलं. आता तुला अवघड प्रश्न. समजा ख्वाईच्या लोकांनी एक दिवस ठरवलं, पाहुणे पुरे, आम्हाला तंबू नकोत. तू काय करशील?

मावशी : वाईट वाटेल, पण जाणार नाही. तुला त्याहून अवघड विचारते. माशी गेलीय. गोमांसाला भाव आहे. समजा त्या लोकांनी उद्या ठरवलं, जनावरंच नकोत, तार काढा, आम्ही गुरं घालतो. म्हशी मरतील, झेब्र्यांची वाट पुन्हा बंद होईल. तेव्हा तू काय म्हणशील? गावाचा निर्णय?

भाचा : ...तेव्हा मी हरलो असं समजेन. पण त्यांना न विचारता राखलेलं जंगल मी बघितलंय. वनरक्षक वळला की कुऱ्हाड चालते, आणि वाघ मेला की कुणी साक्ष देत नाही. ते राखलेलंही टिकत नाही. म्हणून निर्णय त्यांचाच म्हणेन, आणि तो तसा होऊ नये म्हणून त्याआधी वीस वर्षं खपेन.

मावशी : तेवढा धीर माझ्यात नाही. मी सरळ त्या खोत्ल्यात जाऊन झेब्र्यांच्या बाजूनं उभी राहीन.

भाचा : राहा की. मत त्यांचं, बोलायला तू मोकळी. आणि बुगाख्वेंना मागं बसवलेलं दिसलं, तर आधी त्यांना पुढं बोलव, मग झेब्र्यांचं काढ.

मावशी : त्यांनी पुढं येऊन झेब्र्यांविरुद्धच मत दिलं तर?

भाचा : तर निदान या वेळी झाडाखाली कोण कोण होतं, हे तरी खरं सांगता येईल. 1963 चं तेवढंही सांगता येत नाही.